शुक्रवारचं पाणी

फाटकावरची पाटी वाचली आणि माझा पाय ब्रेकवर पडला तो तिथेच राहिला. डॉक्टर मुहन्नद सुलेमान. खाली बारीक अक्षरांत, व्यवस्थापनशास्त्र. मागच्या तीन गाड्यांनी हॉर्न दिला, मग त्यांनीही इंजिनं बंद केली, आणि आमच्या गल्लीतले, घराण्यातले, चुलतभावाच्या सासरचे असे अकरा पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उतरले. माझ्या शेजारी अम्मो दैफल्ला, म्हणजे माझे थोरले काका, गावाचे अबू राकान, तपकिरी झग्याचा जरीचा काठ चाचपून सरळ करत होते. आई आठवडाभर माझ्या मागे लागली होती, की शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर काकांना जाहाला न्यायचंय, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचा मुलगा राकान दुबईत, मग गाडी कोण चालवणार? मी हो म्हटलं. इर्बिदमध्ये दर शुक्रवारी कुणी ना कुणी चार वजनदार माणसं गोळा करून कुणाच्या तरी दारात जाहा घेऊन जातच असतं, मुलगी मागायला नाहीतर भांडण मिटवायला. असेल कुणाचं तरी लग्न, असं मला वाटलं. मी विचारलंसुद्धा नाही.

"अम्मो, हे माझे सर आहेत," मी म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर आलोय." त्यांनी आरशात बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला. "तुझी आई फोनवर रडली. सहा मार्कांसाठी माझ्या भावाची बायको रडते आणि मी घरात बसून राहू? तू गाडीतच थांब. काच खाली कर, उकडेल."

आणि मी काच खाली केली. त्रेचाळीस वर्षांची बाई, पाणी कंपनीत अठरा वर्षं नोकरी, नेतृत्व या विषयात एक्क्याऐंशी मार्क, आणि काका म्हणाले म्हणून मी काच खाली केली. तोवर अकराच्या अकरा माणसं फाटकातून आत गेली होती, सगळ्यांत पुढे अम्मो, प्रत्येक पायरीवर आधी पायाने अंदाज घेत. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला. आता धावत जाऊन त्यांचा झगा ओढला असता तर मी वेडी ठरले असते, आणि नाही ओढला तर काय होणार ते मला समोर दिसत होतं. नुसता वैताग. डोकं स्टिअरिंगवर आपटावं असं वाटलं, पण तेवढ्यात हॉर्न वाजला असता.

सहा मार्कांची गोष्ट अशी, की पास व्हायला सत्तर लागतात आणि डॉक्टर मुहन्नदनी मला चौसष्ट दिले होते. दोन वर्षं दर शनिवारी मी त्या विद्यापीठात जाऊन बसले. शुक्रवार पाणी भरण्यात जातो, शनिवार ही आठवड्याची एकच धड सुट्टी, ती मी नेतृत्व, व्यूहरचना आणि बदलाचं व्यवस्थापन या तीन गोष्टींवर घालवली, कारण वेळापत्रक विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. त्या खुर्चीवर माझ्याआधी दोनदा माझ्याहून लहान पुरुष बसले. शहरातल्या कुठल्या भागाला कुठल्या दिवशी पाणी सोडायचं हे तो विभाग ठरवतो, आणि एकदा, एकदाच, मला ते ठरवायचं होतं. मग सर फळ्यावर तीन चौकोन काढायचे. बर्फ वितळवा, नवा आकार द्या, पुन्हा गोठवा. कधी आठ पायऱ्या, कधी लोकांच्या मनःस्थितीची वर जाऊन खाली येणारी रेघ. शुद्ध उंटावरून शेळ्या हाकणं. एकदा मी वर्गात म्हणाले, सर, आमच्याकडे बर्फालासुद्धा पाणी लागतं आणि पाणी शुक्रवारी येतं. सगळे हसले. सर हसले नाहीत, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, ओळखीपाळखीने कुणाला मार्क देत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि मी त्याच्यावर चिडले होते ते तो चुकला म्हणून नव्हे, त्याने मला खोटी ठरवलं म्हणून. माझ्या शेवटच्या प्रबंधावर त्याने लाल शाईने लिहिलं होतं, मुख्य व्यक्ती काल्पनिक, माहिती रचलेली. ते वाचून कान तापले. तीनदा त्याने मला बोलावून विचारलं होतं, हा प्रबंधातला श्रीयुत क्ष कोण, नाव माझ्यापुरतं सांगा, मी कुठे छापणार नाही. तीनदा मी म्हटलं, सांगता येणार नाही. मग मी आठ पानी तक्रार केली, रीतसर, शिक्क्यासकट, आणि सोमवारी अकरा वाजता समितीपुढे मला बोलावणं आलं. त्या आठ पानांतही नाव नव्हतं. तरी माझा भरवसा होता, की नियम, तारखा, नकाशे आणि दाबाचे आकडे पाहून तिघांपैकी दोघांना तरी पटेल. आणि आता त्या सोमवारच्या तीन दिवस आधी अकरा माणसं घेऊन माझे काका सरांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले होते. समितीला हे कळलं की माझ्या आठ पानांत कुणी फलाफल बांधून देईल.

यातली सगळ्यांत जीवघेणी गोष्ट ही, की श्रीयुत क्ष म्हणजे खुद्द अम्मो दैफल्ला.

आमच्या भागाला शुक्रवारी पाणी येतं. खालच्या गल्लीत आम्ही, आमच्या छतावर पाच-सहा टाक्या, खाली पंप. वरच्या चढावर पाइपचं शेवटचं टोक, तिथे एक टाकी आणि देवावर भरवसा. सकाळी व्हॉल्व उघडला की आमचे पंप एकदम घरघरायला लागतात आणि दुपारपर्यंत चढावर नुसती हवा जाते. चढावरच्या उम्म सबरीने एकदा ऑफिसात फोन करून मला ती हवा ऐकवली होती. बोलली काही नाही. नळाला फोन धरला, फक्त. एखादा म्हातारा झोपेत श्वास टाकतो तसा तो आवाज होता, आणि मी मान खाली घालून तो पुरता ऐकला, कारण फोन ठेवायचं धैर्य झालं नाही. त्यानंतर मी योजना केली. सोपी होती. खालच्या गल्लीला मंगळवार, चढाला शुक्रवार. नकाशावर निळ्या पेन्सिलीने एक रेघ, बस. सही विभागप्रमुखाची, त्यामुळे ती माझी आहे हे घरात कुणाला कळलं नाही. नोटीस लागली आणि तिसऱ्या दिवशी अम्मो आपला झगा घालून कंपनीच्या संचालकाच्या घरी गेले, माणसं घेऊन. संचालकाने कॉफी पुढे ठेवली. अम्मोंनी कपाला हात लावला नाही; मागितलेलं मिळेपर्यंत जाहा घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही. संचालक म्हणाला, प्या अबू राकान, शुक्रवार तुमचाच. झालं. योजना कपाटात गेली. मी त्यांना आधीच का नाही सांगितलं की योजना माझी आहे? कारण मग ते माझ्याकडेच आले असते, आणि माझ्याच्याने नाही म्हणवलं नसतं. हे प्रबंधात लिहिलं नाही. प्रबंधात लिहिलं की आमच्या संस्थांमध्ये बदलाला खरा अडथळा यंत्रणेचा नाही, कॉफीच्या कपाचा आहे. हे वाक्य सुचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

समोरच्या बाल्कनीतून एक बाई कपडे काढता काढता थांबली आणि मला विचारू लागली, कोणासाठी आलेत, डॉक्टरांना तर दोन्ही मुलगेच आहेत. मी म्हटलं, नोकरीचं काहीतरी आहे. तिने चिमटे तोंडात धरले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला कुठेतरी दुसरीकडे गाडी नेऊन लावावीशी वाटली. सीट पाठीला चिकटली होती. वरून बोलणं ऐकू येत नव्हतं, अधूनमधून खोकला यायचा, तो खोकला मला माहीत होता. आता कॉफी आली असेल. आता अम्मोंनी कप समोरच्या तिपाईवर ठेवला असेल, दांडी उजवीकडे. आता ते सांगत असतील, आम्ही तुमच्या दारी आलोय. हे सगळं मला दिसत होतं, कारण एकदा मी ते दाराच्या फटीतून पाहिलंय. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. अम्मानच्या इंजिनियरिंग कॉलेजात नाव लागलं होतं आणि बाबा म्हणाले होते, पोरगी परक्या शहरात राहणार नाही, विषय संपला. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी अम्मो आले, आपल्या धाकट्या भावाच्या घरी, पण भाऊ म्हणून नाही. झगा घालून, चार माणसं घेऊन, परक्यासारखे दार वाजवून. बाबांना त्यांना बैठकीत बसवावंच लागलं. कॉफी मी केली. वेलची टाकली की नाही आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. फटीतून मला फक्त तो कप दिसत होता, त्यावरची वाफ कमी कमी होत गेली आणि थांबली. बाबा गप्प. शेवटी बाबा हसले की काय कोण जाणे, म्हणाले, पी रे बाबा, जाऊ दे तिला. अम्मोंनी एका घोटात कप संपवला आणि म्हणाले, वेलची फार झाली. त्या कपाच्या जिवावर मी शिकले. आणि त्याच कपावर मी प्रबंध लिहिला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या सगळ्याच गोष्टींचा माणूस रोज विचार करत नाही, आणि उन्हात गाडीत बसवून कुणी तो करायला लावला की संतापच येतो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग जिन्यावर पायांचे आवाज आले, आणि मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय, कारण यशस्वी झालेली जाहा मोठमोठ्याने बोलत खाली येते. हे लोक न बोलता येत होते. चुलतभावाचा सासरा माझ्याकडे न बघता आपल्या गाडीत बसला. अम्मो शेवटी आले, आणि त्यांच्यामागे सर, पायांत घरातल्या चपला, हातात, खरंच हातात, भरलेला कप. म्हणजे सर कप घेऊन फाटकापर्यंत आले होते. अम्मोंनी वळून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाले, आणि गाडीत येऊन बसले. सर माझ्या खिडकीपाशी आले. कपातली कॉफी हिंदकळून त्यांच्या अंगठ्यावर आली.

"सिहाम, तुम्ही मला नाव सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली. दोन वळणं गेली, पेट्रोल पंप गेला. अम्मो सरळ समोर बघत होते, ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते रुमालाच्या टोकाने टिपत होते. एरवी ते गाडीत बसले की मला गिअर कधी बदलायचा हेसुद्धा सांगतात.

"सात होतो," अखेर ते म्हणाले.

"काय?"

"तू लिहिलंस, संचालकाकडे पाच माणसं गेली. पाच नाही, सात. तुझे सर वाचून दाखवत होते. म्हणाले, अबू राकान, मी तुमचा मान राखतो, पण तुमच्या पुतणीने एक माणूस मनाने रचलाय, आणि हे बघा काय काय रचलंय. आणि वाचायला लागले. झगा, कप, शुक्रवार, सगळं. मी आपला ऐकतोय. म्हटलं, हा हरामखोर कोण आपल्या गल्लीतला, मला कसा माहीत नाही." त्यांनी पुन्हा डोळा टिपला. "मग आलं की त्याने दांडी उजवीकडे करून कप ठेवला."

मी रस्त्याकडे बघत होते. माझ्या कानांत नळाच्या हवेचा तो आवाज भरला होता.

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं, मधेमधे समोरच्या ट्रकला शिव्या देत. ते उठून उभे राहिले आणि अकरा माणसांसमोर म्हणाले, डॉक्टरसाहेब, हा माणूस रचलेला नाही, हा मी. सर एकदम गोरेमोरे झाले, त्यांनी कप उचलून पुढे केला, म्हणाले, प्या, हवे ते मार्क घ्या, माझी चूक झाली. आणि अम्मो म्हणाले, मी मागायला आलो होतो, पण आता मला काही मागायचं नाही; ज्याच्याविरुद्ध पोरीने लिहिलंय त्यानेच तिच्यासाठी हात पसरायचा, हे कुठल्या रीतीत बसतं? आणि कप तसाच ठेवून ते निघाले. चाळीस वर्षांत ते कुणाच्या घरातून कॉफी न पिता उठले नव्हते. सर बिचारे तो कप घेऊन जिन्यावरून मागे मागे आले.

"दिले होते?" मी म्हणाले. "सर सत्तर द्यायला तयार होते, आणि तुम्ही नको म्हणालात?"

माझा आवाज इतका चढला की मलाच ऐकू आला. दोन वर्षांचे शनिवार, ती खुर्ची, उम्म सबरीचा नळ, सगळं एका घोटावर आलं होतं आणि या माणसाने, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी असले घोट घेतले, त्याने नेमका माझा तेवढा टाकला. अम्मोंनी मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुला तसे हवे होते?"

मला तसेच हवे होते. त्या क्षणी मला ते कसेही हवे होते, आणि हे कळून माझा जो काही संताप झाला तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी पुढच्या टॅक्सीवर हॉर्न दाबून धरला. प्रबंधाची छप्पन्न पानं लिहिणारी बाई. कॉफीचा कप म्हणे अडथळा.

"आणि ती योजना तुझी होती," अम्मो म्हणाले. हा प्रश्न नव्हता. "मला सांगितलं नाहीस. वर लिहिलंस की विरोध करणाऱ्याने कारण दिलं नाही. तू विचारलंस का कारण? आपल्या गल्लीत चौदा बायका नोकरीला जातात. शाळेत, दवाखान्यात, शिवणाच्या कारखान्यात. त्यांना सुट्टी शुक्रवारची; मंगळवारी पाणी आलं तर धुणं कोण धुणार, मी? त्या चौदाजणी माझ्या दारात आल्या होत्या. तुझी आईसुद्धा आली होती, तुझे कपडे धुते म्हणून. तू मंगळवारी घरी असतेस?"

मी नसायचे. मंगळवार मी निवडला होता तो दाब बरा मिळतो म्हणून. चौदा हा आकडा माझ्या छप्पन्न पानांत कुठेच नव्हता. पण मी गप्प बसणार नव्हते. मी म्हटलं, आणि चढावरच्यांचं काय, तिथे नळाला वारा येतो ते तुम्हाला दिसलं नाही? ते म्हणाले, मला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही वर कधी गेलात? ते म्हणाले, गुडघे. मी म्हटलं, गाडी होती. मग दोघंही बरोबर आहेत आणि दोघंही हट्टी आहेत हे गाडीत तिसरं माणूस बसावं तसं बसून राहिलं.

विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. सकाळपासून त्यांनी कॉफी घेतली नव्हती. जाहाला जाताना ते घरून पिऊन जात नाहीत. टपरीवाल्याने धावत येऊन खिडकीतून दोन कागदी कप दिले. अम्मोंनी आपला कप घेतला, पुढच्या काचेखाली सपाट जागा बघून तिथे ठेवला, आणि हात मांडीवर घेतले.

मला आधी कळलं नाही. वाटलं, गरम असेल. मग मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी झग्याचा काठ सरळ केला होता.

"सोमवारी तुझी ती समिती," ते म्हणाले. "मी वर येणार. मी त्यांना सांगणार की ही जे लिहिते ते खरं आहे, मीच तो, आणि सात माणसं होती. चौदा बायकांचंही सांगणार. मग त्यांना काय द्यायचं ते देऊ देत."

मला हसावं की ओरडावं ते कळेना. सोमवारी समितीतल्या तिघांना कळलं म्हणजे मंगळवारी सगळ्या इर्बिदला कळणार, की अबू राकान आपल्या पुतणीच्या प्रबंधातला अडथळा आहे, आणि तो स्वतः तिथे जाऊन सांगून आला. ज्या माणसाला लोक भांडणं मिटवायला बोलावतात त्याला यापुढे कोण बोलावणार? ते हे जाणत होते. माझ्याहून नीट जाणत होते. मी हो म्हटलं तर त्यांचं नाव जाणार, नाही म्हटलं तर माझी सहा वर्षांत एकदा येणारी खुर्ची जाणार, आणि तिच्याबरोबर चढावरचा तो नळ. मला कुणी फळ्यावर तीन चौकोन काढून दाखवावेत, यात बर्फ कुठला आणि पाणी कुठलं. बाबा त्या दिवशी इतका वेळ गप्प का बसले होते, ते मला पंचवीस वर्षांनी टपरीसमोर कळत होतं.

"तिसरा मजला आहे," मी म्हणाले. "लिफ्ट बंद असते."

"असू दे."

"पायऱ्या तुम्हाला धड दिसत नाहीत."

"तू आहेस ना."

कपावरची वाफ काचेवर चढली होती आणि आता ती हळूहळू उतरत होती. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले.

"प्या, अम्मो," मी म्हणाले.

त्यांनी एका घोटात कप संपवला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाले, वेलची टाकायची विसरलाय गाढव.